भरतीच्या पोस्टरमध्ये आपण कुठे उभे असतो?

कोरा_कागद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज सुट्टी आहे म्हणून धागा काढतोय.

मी उपयोजित कला शिकवतो. दर वर्षी एक तास ठरलेला असतो. पोलीस भरतीचं एखादं पोस्टर भिंतीवर लावायचं, हातात कागदाच्या पट्ट्या घ्यायच्या, एकेक भाग झाकायचा आणि मुलांना विचारायचं, आता काय दिसतंय? बाकी काही शिकवत नाही त्या तासाला.

यंदाचं पोस्टर असं होतं. आडवं. डावीकडे एक महिला पोलीस एक गुडघा टेकून बसलीय. तिच्यासमोर पाच-सहा वर्षांची मुलगी, आपल्याकडे पाठ करून. केस विस्कटलेले, एका पायात बूट नाही. दोघींचे चेहरे एका पातळीवर. मागून कोवळं ऊन, रस्ता धूसर. उजवीकडे ऐसपैस मोकळी जागा आणि तिथे एकच ओळ: 'ती वाट पाहतेय.' खाली खात्याचं चिन्ह, शेवटची तारीख, आणि पात्रतेच्या अटी इतक्या बारीक की वाचायला भिंतीशी नाक लावावं लागेल.

पहिली पट्टी मुलीवर लावली. गुडघा टेकलेली बाई एकटी उरली. उत्तरं आली: बुटाची नाडी बांधतेय, पाय मुरगळलाय, आणि एकाने तर 'शरण आलीय' म्हटलं. म्हणजे त्या गुडघ्यात जो मोठेपणा दिसत होता, तो सगळा मुलीच्या जिवावर होता.

दुसरी पट्टी बाईंच्या चेहऱ्यावर. वर्ग गप्प झाला. वर्दी आणि लहान मूल एवढंच उरलं की चित्र एकदम अंगावर येतं. इतका वेळ जो विश्वास वर्दीचा वाटत होता, तो जेमतेम अंगठ्याएवढ्या चेहऱ्यातून येत होता.

तिसरी पट्टी सगळ्यात लहान, दोन सेंटीमीटरची. मुलीच्या अनवाणी पायावर. आणि मुलगी हरवलेली राहिलीच नाही! शाळा सुटल्यावर ओळखीच्या पोलीसबाईंशी गप्पा मारणारी मुलगी झाली. चित्र गोड, पण त्यात पोलिसाचं कामच उरलं नाही. ज्याने कोणी तो बूट काढायला सांगितला, त्याला माझा दंडवत.

आता मुद्द्यावर येतो. कॅमेरा कुठे आहे? मुलीच्या खांद्यामागे, मुलीच्या उंचीवर. मला आधी वाटायचं, भरतीचं पोस्टर आपल्याला 'हा बघ नायक, तू असा हो' असं सांगतं. हे पोस्टर तसं काही सांगत नाही. ते आपल्याला आधी त्या मुलीच्या जागी नेऊन उभं करतं. कोणीतरी यावं असं वाटायला लावतं. ते वाटून झालं की उजवीकडची मोकळी जागा दिसते, आणि मग अर्ज. बाई आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत. बघितलं असतं तर फोटोसाठी बसल्यात हे लगेच कळलं असतं.

उलट धावपळीची पोस्टरं घ्या. ढाल, हेल्मेट, धूर, कॅमेरा जमिनीलगत, माणूस आभाळाएवढा. तिथे आपण मदत मागणारे नसतो. एक तर त्याच्या पाठीमागे धावणारे सहकारी असतो, नाहीतर ज्याच्यावर तो चालून येतोय तो.

तर तुम्ही पाहिलेल्या अशा जाहिरातींत तुम्हाला कुठे उभं केलं होतं? फोटो टाकलात तर कोणाचा चेहरा वा नंबर दिसणार नाही एवढं बघा.

हिरवी_शाई

वाखुसा (वाचनखूण साठवली). तो बूट आता डोक्यातून जाणार नाही.

जुनी_छपाई

छान धागा. पाहणाऱ्याला जागा नेमून द्यायची युक्ती भरतीच्या पोस्टरांत फार जुनी आहे, पण सुरुवात सैन्यापासून झाली. आल्फ्रेड लीट या चित्रकाराने काढलेला ब्रिटनचा युद्धमंत्री किचनर ५ सप्टेंबर १९१४च्या 'लंडन ओपिनियन'च्या मुखपृष्ठावर आला. मिशा, रोखलेले डोळे आणि थेट आपल्या छातीवर रोखलेलं बोट. अमेरिकेने पहिल्या महायुद्धात तोच बेत उचलला. तिथला अंकल सॅम काढणाऱ्या जेम्स माँटगोमेरी फ्लॅगने मॉडेल शोधण्याची दगदग टाळली. स्वतःचाच चेहरा घेतला, वय वाढवलं, दाढी चिकटवली. म्हणजे देशाच्या नावाने आपल्याकडे बोट दाखवणारा माणूस मुळात आरशात स्वतःकडे बघत होता. (ही गोष्ट मला उगीचच फार आवडते.)

चित्रातला माणूस थेट भिंगात बघत असेल, तर तुम्ही डावीकडे सरका की उजवीकडे, त्याची नजर तुमच्यावरच राहते. जादू वगैरे काही नाही. कागद सपाट आहे, बुबुळं डोळ्याच्या मध्यावर छापलीत, आणि तुम्ही कुठेही गेलात तरी ती मध्यावरच राहणार. पण भिंतीवरचा असा माणूस रस्त्यातल्या प्रत्येकाला एकेकटं गाठतो. अशा नजरेला चित्रभाषेचे अभ्यासक 'मागणी' म्हणतात. नजर दुसरीकडे असेल तर चित्र नुसतं समोर ठेवलेलं असतं, आपण निवांत बघू शकतो.

कोरा_कागद, तुमच्या पोस्टरमध्ये बाईंची नजर आपल्यावर नाही, मुलीवर आहे. पण मुलीच्या खांद्यामागे आपण आहोत! म्हणजे किचनरचं बोट आहेच, फक्त वाटेत एक मूल उभं केलंय.

कोरा_कागद

जुनी_छपाई, हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या वर्षी तुमच्या नावावर वापरणार.

ठिपका

मी जाहिरातींच्या लेआउटचं काम करतो. एका भरती मोहिमेची कथा सांगतो, कुणाची ते विचारू नका.

फोटो सुंदर होता. पायरीवर बसलेले एक आजोबा, आणि त्यांना उठवायला किंचित वाकून हात पुढे करणारा तरुण कॉन्स्टेबल. पोलीस डावीकडे, आजोबा उजवीकडे, दोन हातांमध्ये चार बोटांचं अंतर. ते अंतर मुद्दाम ठेवलं होतं. हात हातात दिला की गोष्ट संपते. चार बोटं मोकळी राहिली की पाहणारा मनातल्या मनात ती पूर्ण करतो. फोटोग्राफरने त्यासाठी आजोबांना पंचवीस-तीस वेळा हात वर-खाली करायला लावला, बिचारे वैतागले होते.

होर्डिंग लागलं, सगळे खूश. मग मोहीम फोनवर गेली. तिथे चित्र चौकोनी लागतं, आणि घाईत कोणीतरी आडव्याचं चौकोनी आपोआप करणारं बटण दाबलं. आजोबा कापले गेले.

उरला फक्त पोलीस. थोडा वाकलेला, चेहऱ्यावर मायाळू हसू, आणि तळहात वर करून पुढे केलेला हात.

पहिल्याच तासात खाली प्रतिक्रिया: 'किती द्यायचे साहेब?' त्यानंतर जे सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चित्र खाली उतरवेपर्यंत ते बरंच फिरलं होतं.

तेव्हापासून एक सवय लागली. आधी चौकोन काढतो, मग आडवं नि उभं. अर्थ ज्याच्यामुळे येतो तो माणूस मधल्या चौकोनात बसलाच पाहिजे. पोलीस कापला गेला तरी एकवेळ चालेल.

हिरवी_शाई

😂😂 चहा सांडला की हो!

उलटतपासणी

मजा येतेय, पण थोडं विरोधात लिहितो. सगळे गृहीत धरून चाललेत की मुलगी, आजोबा, मायेचा हात हे सगळं लागू पडतं. पडतं का?

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहराच्या पोलिसांसाठी एक प्रयोग झाला होता. एलिझाबेथ लिनोस यांचा त्यावरचा शोधनिबंध २०१८चा आहे. रहिवाशांना भरतीची पोस्टकार्डं पाठवली, प्रत्येक कार्डावर वेगळा सूर. कुठे सेवेचं आवाहन, कुठे 'हे आव्हान पेलाल का', कुठे लांब पल्ल्याच्या कारकिर्दीची गोष्ट. तुलनेसाठी काही लोकांना कार्डच पाठवलं नाही. सेवेचा सूर जवळपास निष्फळ ठरला. आव्हानाच्या आणि कारकिर्दीच्या कार्डांनी मात्र अर्ज येण्याची शक्यता सुमारे तिप्पट झाली, आणि हा परिणाम स्त्रिया आणि गौरेतर लोकांमध्ये जास्त दिसला. कारण सोपं आहे. सेवेच्या ओढीने येणारे एरवीही येतातच, त्यांना कार्डाची गरज नसते. जे या नोकरीचा विचारच करत नव्हते, त्यांना हलवायला वेगळं काही लागतं.

म्हणजे बूट काढलेली मुलगी आधीच पटलेल्यांनाच पुन्हा पटवते, असं तर नाही ना?

आणि धावपळीच्या पोस्टरांचं उलटं. ती नक्कीच लागू पडतात, पण कोणावर? २०१५ साली ओबामांनी नेमलेल्या कृती दलाने अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की पोलिसाने स्वतःला योद्धा नव्हे, रक्षक समजावं. आता पोस्टरवर रोज योद्धा छापायचा आणि दारात रक्षक येतील म्हणायचं, याला काय अर्थ आहे! जे पेराल त्याचेच अर्ज येणार.

कोरा_कागद

उलटतपासणी, प्रयोगाचा मुद्दा मान्य. तरी दोन गोष्टी. एक, तो प्रयोग शब्दांचा होता, चित्रांचा नाही. दुसरी, सेवा आणि आव्हान हे वेगळे कप्पे आहेत असं चित्रात होतंच असं नाही.

न्यूझीलंड पोलिसांची २०१६ची जाहिरात बघा. एक लहान मुलगा कचऱ्याच्या डब्यात खायला काही मिळतंय का शोधतोय. मुलगा अभिनय करणारा, पण ये-जा करणारी माणसं खरी, कॅमेरे लपवलेले. काही जण बघून पुढे जातात, काही थांबतात. शेवटी विचारलेलं साधारण असं, की पोलीस होण्याइतकी कळकळ तुझ्यात आहे का? विषय मायेचा, पण विचारलंय आव्हान देऊन. आणि आपण कुठे उभे असतो? त्या पोराच्या जागी नाही, पोलिसाच्या जागी तर नाहीच. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रांगेत. मी थांबलो असतो का, हा प्रश्न मनात आला की जाहिरातीचं काम झालं. त्या सगळ्या दृश्यात वर्दी जवळपास लागतच नाही.

त्यांचीच २०१७ची मात्र अगदी दुसऱ्या टोकाची. सत्तरहून जास्त पोलीस, अखंड पळापळ, मध्येच विनोद, खुद्द तेव्हाचे आयुक्त माईक बुश त्यात, आणि शेवटी पर्स पळवणारा चोर निघतो कुत्रा! ती जगभर फिरली. मला मजा आली, पण अर्ज करावासा वाटला नाही. त्या टोळक्यात सामील व्हावंसं मात्र वाटलं. कदाचित तेच हवं असेल त्यांना.

जुनी_छपाई

मग लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांची १९८०च्या दशकातली जाहिरात आठवल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ शकत नाही. एजन्सी कॉलेट डिकन्सन पिअर्स, फोटो डॉन मॅकलिन यांचा. हे युद्धाचे फोटो काढण्यासाठी नावाजलेले. काळापांढरा फोटो. वर्दीतला गोरा पोलीस धावतोय, त्याच्या पुढे साध्या कपड्यांतला कृष्णवर्णीय माणूस धावतोय. शीर्षकात विचारलंय: हा पोलिसांच्या पूर्वग्रहाचा नमुना, की तुमच्या?

खालच्या मजकुरात उलगडा होतो की दोघेही पोलीस आहेत. एक साध्या वेशात. आणि दोघे मिळून चौकटीबाहेरच्या तिसऱ्याच कोणाच्या मागे आहेत.

आता पट्टीचा खेळ इथे खेळून बघा. शीर्षक झाका. फोटो मोकाट सुटतो, ज्याला जे वाटेल ते दिसतं. शीर्षक ठेवा, तो दावणीला बांधला जातो, आणि आपण रंगेहाथ सापडतो. कारण दोन सेकंदांपूर्वी आपण मनात जे ठरवलं ते आपल्याला ठाऊक असतं.

काळही बघा. १९८१मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन भागात कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात दंगल झाली. तिच्या चौकशीच्या, त्याच वर्षीच्या स्कारमन अहवालाने अल्पसंख्य समाजांतून जास्त भरती करा असं सांगितलं. अशा वेळी हसरा चेहरा आणि मूल छापलं असतं तर लोकांनी फाडून टाकलं असतं. त्यांनी लोकांच्या मनातला संशयच उचलून पोस्टरवर ठेवला.

उलटतपासणी

जाहिरात हुशार आहे, शंका नाही. पण डाव लक्षात घ्या. लोकांची तक्रार खात्यावर होती, आणि जाहिरात संपेपर्यंत आरोपीच्या पिंजऱ्यात वाचक. पोलिसांचे पूर्वग्रह खरे होते की नव्हते, या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत नाही. तो प्रश्न चौकटीच्या बाहेर पळतोय, त्या तिसऱ्या माणसाबरोबर.

जुनी_छपाई

हे मात्र सणसणीत. मान्य.

रंगारी

रंगांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून दोन ओळी. या जाहिरातींत सावल्या निळ्याकडे आणि कातडी उबदार रंगाकडे ढकललेली असते, चित्रपटांत असते तशीच. पण निळ्याचं नातं त्याहून जुनं. १८२९मध्ये लंडनचं पोलीस दल उभं राहिलं तेव्हा मुद्दाम निळा गणवेश निवडला, कारण सैन्याचा लाल होता आणि रस्त्यावर सैन्य आलंय असं लोकांना वाटायला नको होतं. टोपीभोवतीची चौकड्यांची पट्टी १९३२ची, ग्लासगोचे पोलीसप्रमुख पर्सी सिलिटो यांनी आणली. म्हणजे पोस्टर काढायच्या आधीच वर्दी हे एक पोस्टर झालेलं असतं. डिझायनरला अर्धं काम आयतं मिळतं.

पहाटे_पाच

मी इथे सहसा वाचनमात्र असते, पण हा विषय माझा आहे. भरतीची तयारी करतेय, दुसरी खेप.

खरं सांगू? पोस्टरमधलं चित्र मी पाहतच नाही. तारीख, वय, उंची, संपलं. तुम्ही ज्या अक्षरांना नाक लावावं लागेल म्हणालात, ती मला पाठ आहेत. आमच्या धावण्याच्या गटात सगळ्यांचं हेच. ज्यांना जायचंय त्यांना मोकळी जागा नि कोवळं ऊन काही दिसत नाही.

पण चित्र घरी पाहिलं जातं. मागच्या वेळी मी फोनवर जाहिरात उघडली आणि आईने मागून डोकावून पाहिलं. अशीच एक हसरी महिला पोलीस होती. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हिला रात्रपाळी असेल का गं?" मग फोन हातात घेऊन दोन बोटांनी चित्र मोठं केलं. काय शोधत होती कोण जाणे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं असावीत. शेवटी म्हणाली, "दिसत तर बरी आहे." दुसऱ्या दिवसापासून माझा पहाटेचा गजर ती स्वतः लावायला लागली.

त्यामुळे कोरा_कागद सर, मला वाटतं ते चित्र माझ्यासाठी नसतंच. ते माझ्या मागे उभी असलेल्या आईसाठी असतं.

कोरा_कागद

ताई, मी इतकी वर्षं हे शिकवतोय आणि पाहणारा म्हणजे अर्ज करणारा असंच धरून चाललो होतो. खांद्यामागून कोण बघतंय हे फक्त पोस्टरच्या आत शोधत बसलो. खूप आभार, आणि मैदानासाठी शुभेच्छा.

माजी_वर्दी

मी एकतीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त. धाग्यातलं चित्रकलेचं मला कळत नाही, पण दोन गोष्टी खटकल्या त्या सांगतो.

हरवलेलं मूल असं डोळ्यांत डोळे घालून बघत नाही. मी अशी बरीच मुलं हाताळली. गुडघ्यावर बसावं लागतं ते बरोबर. पण मूल बघतं ते बटणाकडे, नाहीतर शिट्टीच्या दोरीकडे. एका पोरीने माझी दोरी अशी घट्ट धरली होती की तिची आई आल्यावर आम्हाला ती बोटं एकेक करून सोडवावी लागली. तोवर पोरीने माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पोस्टरमध्ये हात कुठे आहेत मुलीचे? पाठमोरी आहे म्हणजे दिसत नसतील.

दुसरं. माझ्या नोकरीतला सगळ्यात जास्त वेळ उभं राहण्यात गेला. नाक्यावर, बंदोबस्तात, दवाखान्याच्या दारात, कोर्टाच्या व्हरांड्यात. त्यानंतर लिहिण्यात. धावलो असेन सगळं मिळून काही तास. गुडघ्यावर बसलो असेन तेवढाच वेळ. उभं राहण्याचं पोस्टर मी तरी आजपर्यंत पाहिलं नाही.

पहाटे_पाच, बेटा, आईला सांग रात्रपाळी असते. आत्ताच सांग. आणि बूट अर्धा नंबर मोठे घे, उभं राहून पाय सुजतात.

पहाटे_पाच

सांगितलं काका. तिला माहीतच होतं म्हणाली. बुटांचं लक्षात ठेवते.

रंगारी

माजी_वर्दी काका, +१. हात दिसत नाहीत हा मुद्दा आम्हा कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

ठिपका

दोन आठवड्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व. पण सांगितल्याशिवाय राहवेना.

माजी_वर्दी काकांचा प्रतिसाद वाचून डोक्यात किडा वळवळायला लागला. योगायोगाने भरतीचंच एक काम हातात होतं. मागितलेल्या तीन कल्पनांबरोबर चौथी आगाऊपणा करून दिली. रात्र, एक दिवा, रिकामा चौक. दिव्याखाली एक कॉन्स्टेबल उभी, वजन एका पायावर टाकलेलं. मागच्या इमारतीत सगळ्या खिडक्या अंधारात. कॅमेरा वरच्या एका खिडकीत, म्हणजे पाण्यासाठी उठलेल्या माणसाला ती दिसतेय. ओळच नाही, फक्त चिन्ह आणि तारीख. मधल्या चौकोनात दिवा नि माणूस दोन्ही बसतात, हे आधी तपासलं. (पोळलोय ना एकदा.)

बैठकीत दोन मिनिटं शांतता. मग उत्तर आलं, "छान आहे हो. पण यात काही घडतच नाहीये."

माजी_वर्दी

घडू नये म्हणूनच उभं करतात की.

कोरा_कागद

ठिपका, ते स्केच इथे टाकता येईल का? चिन्ह, तारीख सगळं झाकून. मला त्यातल्या अंधाऱ्या खिडक्यांवर पट्टी लावून बघायचीय.